पुलांनंतर आमचा नंबर

हॅलो?

हो, बोल बोल. कुठवर आलीस?

अगं, कुठे म्हणजे काय? गेटवर तुझं नाव देऊन ठेवलंय मी. पास तयार आहे. पहारेकऱ्याला एवढंच सांगायचं, अर्थसंकल्पाच्या समितीपुढे बोलायला आलेय, निवाऱ्याच्या बाई वर बसल्यात…

घरीच?

अजून घरीच आहेस तू?

बरं. आधी ती इस्त्री बंद कर. वाफेचा आवाज येतोय मला. … कर बंद. लोकांचे शर्ट कुठे पळून जात नाहीत.

हां. आता सांग.

नाही गं, ओरडत नाहीये. इथे ओरडायची सोयच नाही. लांबलचक व्हरांडा आहे, या टोकाला कुणी खाकरलं तर त्या टोकाचा माणूस मान वर करतो. मी खिडकीशी येऊन बोलतेय. बोल.

…

हो.

हो, ते कळलं, पण काल संध्याकाळी तूच म्हणालीस ना, येते म्हणून? मी म्हटलं का तुला? तूच म्हणालीस, बाई, तुम्ही एकट्या काय काय सांगणार, मी सांगते माझं…

ऐक ना. ऐक. वेळ आहे अजून. आत रस्त्यांचं चाललंय. मग पूल. पुलांनंतर आपण. … पुलांना अर्धा तास, पुलांखालच्यांना तीन मिनिटं. … हसू नकोस, दारावर तसाच कागद लावलाय.

कोण असणार? कुणी नाही. एकटीच आहे.

पूर्वी यायचो की सहा-सात जणं. वकीलकाका बोलायचे आणि आम्ही मागे उभ्या राहून माना डोलवायचो. ते गेले. दवाखान्यातली ताई मुलीकडे गेली ती तिकडचीच झाली. बाकीच्यांना बऱ्या नोकऱ्या लागल्या, त्यांना तरी काय म्हणायचं… दरवर्षी बाकावर एक जागा कमी. यंदा मी आणि पाण्याची बाटली.

छे, रडते कसली. सर्दी आहे.

आता मी काय सांगते ते नीट ऐक, मग ठरव. परवा समितीचे लोक निवारा बघायला आले होते, ते तुला अर्धंच सांगितलं मी. … हो, छान झालं म्हणाले मी. तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

दुपारी आले ते.

तेच तर. आपल्याकडे दुपारी कोण असतं? सकाळचा चहा झाला की सगळ्या बाहेर, दिवेलागणीला आत. तुझे दोन हिवाळे त्यातच गेले, तुला काय सांगायचं. … हो, आजारी बाईला थांबू देते मी. पण त्या दिवशी खोकल्याच्या आजींनाही बाहेर पाठवलं. म्हटलं पाहुणे येणार, आणि या सुरू होणार. बागेत जाऊन बसल्या बिचाऱ्या.

आणि चादरी अशा ताणून घातल्या, की तू असतीस तर तूसुद्धा बोट ठेवलं नसतंस. फरशी पुसली. फिनेल मारलं. साहेब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरले, म्हणाले, फारच नीटनेटकं. मी खूश. चहासुद्धा पाजला त्यांना.

काल कळलं काय लिहिलंय ते. खाटा रिकाम्या आढळल्या. मागणी नाही.

हो. एवढंच.

सांगितलं की. काल धावत गेले त्यांच्याकडे. म्हटलं, साहेब, रात्रीचा निवारा आहे, रात्री या. म्हणाले, रात्री आम्ही घरी असतो.

…

अगं, खाटांचं एक वेळ सोड. निवाऱ्याला मागणी नाही, म्हणजे तिथून खोलीत गेलेल्यांच्या भाड्यालाही मदत नको, असा त्यांचा हिशेब. ती रक्कमच काढून टाकतायत यंदाच्या अर्थसंकल्पातून. … तीच. तुझ्या खात्यात येते ती. अर्धं भाडं.

हो, तुझंही बंद होणार.

म्हणून म्हणते, मी बोलले तर काय? मी पगारी बाई. दरवर्षी रडगाणं घेऊन येते, असं वाटतं त्यांना. पण तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, मी त्या खाटेवर होते, आज माझी खोली आहे, माझा धंदा आहे… कुणाची हिंमत आहे रिकामी खाट म्हणायची?

…

हं.

हो, कॅमेरा असतो. भिंतीवर आहे. … हो, थेट दाखवतात, पण बघतं कोण गं ते?

खालच्या मजल्यावरचे आजोबा? दिवसभर? … दुसरं काही लागत नाही का त्यांच्याकडे?

बरं, बरं, गंमत केली.

म्हणजे घरमालकाला तू सांगितलंयस की बहिणीकडे राहत होते. … माहीत आहे मला, मीच सुचवलं होतं. पण काय करेल तो? भाडं वेळेवर देतेस, खोली लख्ख ठेवतेस, सगळ्या इमारतीचे कपडे…

कपडे देणार नाहीत?

उगाच मनाचे खेळ तुझे. इस्त्रीला काय कळतं, बाई कुठून आली ते…

हॅलो? … कोण वाजवतंय?

काय? कसले चार शर्ट? संध्याकाळी मिळतील म्हणजे?

… बरं. कळलं. कुणीतरी आलंय ना? मी गप्प बसते. की गिऱ्हाईक होऊ? … कोण, शेजारच्या? उघड दार, मी थांबते. तसंही इथे थांबायलाच आलेय.

…

ऐकू येतंय मला. बहीण आहे म्हणून सांगितलंस? बरं केलंस. … हो, थोरली बहीण. असू दे.

नको, नको, त्यांना कशाला देतेस फोन… अगं…

नमस्कार. … हो, मीच तिची ताई. … तुम्हीच का शेजारच्या? नेहमी नाव घेते हं तुमचं.

हो, आमच्याकडेच होती आधी. दोन वर्षं. … नाही हो, अडचण कसली. घर मोठं आहे आमचं. खोली तशी एकच, पण लांब आहे.

माणसं? भरपूर. … सगळ्या बायकाच. … हो, एकत्र कुटुंब म्हणा ना.

भांडणं होतात की. बादलीवरून होतात, पंख्याखालच्या जागेवरून होतात. झोपताना मिटतात. … स्वयंपाक? बाहेरूनच येतो आमच्याकडे. … अहो, श्रीमंत कसले, इतक्या जणींचं घरात होत नाही, एवढंच.

हो, कामाला वाघ आहे ती. आमच्याकडे इस्त्री नव्हती, तर तापलेल्या पातेल्याच्या बुडाने सगळ्यांचे कपडे करायची. कडक म्हणायचो आम्ही तिला. … हो, नावच पडलं.

काय ठेवते उशाखाली?

… चपला.

… हो. अजून ठेवते का.

नाही, विशेष काही नाही. आमच्या घरात सगळ्याच ठेवतात. … चोरी कसली हो, घरातच कोण चोरणार. पद्धत आहे, झालं. काहींच्या घरी उशाखाली घड्याळ असतं, तसं. … सांगते तिला. तुमच्याकडे तसलं काही होत नाही, ते तिलाही माहीत आहे. सवय जायला वेळ लागतो.

कोण? तिच्या आधीची भाडेकरू? … नाही, मला कशी माहीत असणार. … लांब वेणीची.

असं.

निवाऱ्यातून आली होती. … तुम्हाला कसं कळलं?

… हं. … मग?

सगळ्या मजल्यांनी मिळून घालवलं तिला.

हं. … नाही, पटलं, पटलं. त्रास काही नव्हता तिचा, पण नको. … हो, आपली मुलंबाळं असतात. … बरोबर आहे.

नाही, हिचं तसं नाही. आमच्या घरचं वळण आहे तिला. … नाही, मला यायला कसं जमणार, इकडेच गुंतलेली असते. … तुम्ही येता-जाता असता, तोच आधार. खरंच सांगते. … हो, द्या तिला. … ठेवा लक्ष. नमस्कार.

…

गेल्या?

दार लाव. … नीट लावलंस?

ऐक. येऊ नकोस तू.

नाही, रागावले नाही. येऊ नकोस एवढंच.

वेणीवाली आपलीच गं. तू यायच्या आधीची. महिन्याभरात परत आली होती. खोली आवडली नाही म्हणाली मला. खिडकीला वारा नाही म्हणाली. आणि मी तिला रागे भरले, आयत्या खोलीला नावं ठेवतेस म्हणून. … तीच इमारत होती, हे मला आज कळतंय. पत्ते वरच्या कार्यालयातून ठरतात, मी फक्त पिशव्या भरून पाठवते.

तुला माहीत होतं?

कधीपासून? … मग बोलली का नाहीस?

…

हं. मी काय केलं असतं, तेही खरंच.

आणि तरी काल येते म्हणालीस. कमाल आहे तुझी.

नाही. आता येते म्हणू नकोस. मी तुझ्यासाठी दोन गोष्टी खोट्या बोलले, तर त्याची परतफेड करायला निघालीस होय? … अगं, बाकीच्या तर खऱ्याच बोलले.

हे बघ, मदत बंद झाली तर खोली जाईल, वर्ष-सहा महिन्यांनी. त्या कॅमेऱ्यापुढे उभी राहिलीस तर आठवड्यात जाईल. तिच्यापुढे कुणाचा निभाव लागणार, त्या शेजारणीपुढे?

… हो, तीच तेवढी येते, म्हणतेस. … दुसरं कुणीच दार वाजवत नाही?

येऊ दे तिला. चहा पाज. कशीही असली तरी दिवसातून एकदा दार वाजतं ना… हो. कळतं मला. … रेडिओ लावून झोपतेस? आवाज हवा म्हणून? अगं, निवाऱ्यात असताना घोरण्याच्या तक्रारी तूच करायचीस की.

मला? मला कसला एकटेपणा. भिंतीपलीकडे चाळीस जणी घोरतात. … नाही, मी कार्यालयात झोपते. आत झोपायचं नाही, असा नियम आहे ना आमच्यासाठी. … हो, दार लावून. ऐकू येतात त्या.

चपला? राहू दे उशाखाली. तुझी उशी, तुझ्या चपला. फक्त वर्तमानपत्रात गुंडाळ, म्हणजे त्या बाईंच्या नजरेस पडायच्या नाहीत.

थांब हं. … दादा, पुलांचं झालं का? … तुला नाही गं, शिपायाला विचारतेय. थांब. कट करू नकोस.

अजून पूलच? … जेवणाच्या सुट्टीपर्यंत?

मग आमचं सुट्टीनंतर?

… चर्चेविना मंजूर? म्हणजे?

… लेखी देऊन जायचं. … दादा, माझ्याबरोबरची माणसं… नाही, माझ्याबरोबर कुणी नाही. पण तीन मिनिटं लिहिलीयत दारावर. … हो, तुमच्या हातात नाही, कळतंय मला. तुम्हाला बोलत नाहीये.

सुट्टी झाली की ते याच दाराने बाहेर येतात ना? … सगळे? … मग मी इथेच उभी राहते. … नाही, वाट अडवत नाही कुणाची. बाजूला उभी राहते.

…

हॅलो. हो, आहे, आहे.

काही नाही. शिपाई होता.

हो… हो, आपलाच नंबर आलाय. बोलावतायत.

नाही, पळत यायची काही गरज नाही. तू शर्ट कर. त्यांना संध्याकाळी देते म्हणालीस ना, मग दे. … नाही, खरंच नको. तू येईपर्यंत होऊनही जाईल. किती वेळ लागतो.

काय सांगणार? तुझं नाव नाही घेणार. इमारत नाही, मजला नाही. एक बाई, एवढंच. … हो, खोकल्याच्या आजींना मीच बाहेर पाठवलं, तेही सांगेन. खाटा रिकाम्या का होत्या, ते माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?

सगळे आहेत आत, हो. साहेबही आहेत.

नाही, बसायला कुठे देतात. उभं राहूनच बोलायचं असतं.

नीट बोलेन गं. पाणी प्यायले. … पदर नाही, ओढणी. ठीक आहे ती. … तुला कशी दिसणार चुरगळलेली, फोनवरून? … हो, जरा आहे चुरगळलेली. आता काय करू.

संध्याकाळी? … करेन ना फोन. तू केलास तरी चालेल. नेहमी तूच करतेस.

हो.

ठेवू आता? … नाही, तू आधी ठेव म्हणजे काय, लहान आहेस का…

थांब. खुर्च्या सरकल्या आत.

दार उघडलं. ठेवते.