शेजारणीचं वाक्य

सरांच्या घरच्या काकू, गावकरी मंडळी, आन् सरांच्या वर्गातल्या माझ्या बायांनो. मला बोलाया सांगितलंय. सभेत बोलायची मला सवय न्हाई, आन् माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल गोड गोड बोलायची तर त्याहून न्हाई. रडून काढलं असतं तर सोपं झालं असतं. तेबी जमत न्हाई. तवा जे झालं ते सरळ सांगते.

मी सुमन. बंगल्यांवर सैपाक करते. ढमाले सर हायस्कूलातनं रिटायर झाले आन् ह्याच समाजमंदिरात आमाला, बंगल्यांवर कामाला जाणाऱ्या बायांना, इंग्रजी शिकवाया लागले. फळा न्हाई, वही न्हाई. हातातलं काम करता करता वाक्य म्हणायचं. आय स्वीप. आय कुक. आय वॉश. भांडी घासताना आमी पुटपुटायचो, आन् मालक लोकांना वाटायचं, बाईचा जप चाललाय.

सर म्हणायचे, 'आपल्याकडं नुसतं जेवले म्हटलं की कोण ते कळतं. इंग्रजीत तसं नाही. आधी माणूस सांगायचा, मग त्याचं काम. माणूस सांगितल्याशिवाय वाक्य उभंच राहत नाही.' आन् दुसऱ्या बाईचं सांगायचं तर कामाला शेपूट लागतं. आय कुक, पण शी कुक्स. ते शेपूट आमी दर बारीला इसरायचो. शेवटी सर कट्टाळले. म्हणाले, 'पहिले दोन महिने फक्त आय. आधी स्वतःपुरतं नीट बोला.' आमाला बरंच वाटलं. स्वतःपुरतं बोलाया कुणाला जड जातं?

त्याच दिवसांत एका बंगल्यावर घड्याळ गावंना. आमी चौघी कामाला. मॅडम चेन्नईच्या. त्यांचं हिंदीशी जमत न्हवतं, आमचं तमिळशी. त्यांनी आमाला वळीनं उभं केलं. पहिली वर्गात शिकलेलं म्हणली, आय डिड नॉट टेक, मी न्हाई घेतलं. दुसरी म्हणली, आय डिड नॉट टेक. मी बी म्हणलं. कसं खणखणीत! चौथी सखू. वरच्या वाडीवरली. कामाला लागून दोनच दिवस झालेले, वर्गाला कधी आलेलीच न्हाई. ती काय बोलणार? खाली बघत राहिली. मॅडमनी तिलाच घरी धाडली.

मंडळी, सखू सकाळपास्नं माझ्याबरोबर मागच्या मोरीवर भांडी घासत व्हती. एक पाऊल आत गेली न्हवती. हे मला म्हाईत व्हतं. फकस्त मलाच म्हाईत व्हतं.

आठवड्यानं घड्याळ गाडीच्या सीटखाली गावलं. मॅडमनी निरोप धाडला. सखू परत आली न्हाई. कशाला येईल?

मी सरांना हे सांगितलं, तवा पहिल्यांदा काय म्हणाले, ठावं हाय? 'वाक्य बरोबर म्हणालीस.' मास्तर माणूस! मग म्हणाले, 'आणि सखूचं कोण बोललं?' मी म्हणलं, 'सर, तुमी आमाला शी शिकवलंय कुटं?'

सर म्हणाले, 'खरं आहे. माझंच चुकलं.'

दुसऱ्या दिवसापास्नं त्यांनी वर्ग उलटा फिरवला. नवी बाई आली की पहिलं वाक्य शेजारणीचं. शी कुक्स. शी स्वीप्स. शी डिड नॉट टेक. स्वतःचं मागनं. तुमी सगळ्या तशाच शिकलात, हसत हसत शिकलात. तसं का, ते तुमाला कुणी सांगितलं न्हाई. आन् सर दर रविवारी काठी टेकत वाडीवर चढून जायचे, सखूला शिकवाया. मला इचारायचे, 'सुमन, येतेस का वर?' मी म्हणायचे, भाताची लावणी हाय. मी म्हणायचे, पाहुणे हायेत. मी म्हणायचे, गुडघा दुखतोय. सत्तरीचा माणूस एकटा चढायचा.

आता ऐका. चूक सरांची न्हवती. त्यांनी ती आपल्या अंगावर घेतली आन् मी घेऊ दिली. त्या दिवशी इंग्रजी लागतच न्हवतं. सखूचा हात धरला असता आन् नुसतं 'नो मॅडम' म्हणलं असतं, तरी भागलं असतं. माझंबी काम जाईल ह्या भ्यानं मी गप बसले. हे मी सरांना शेवटपत्तुर सांगितलं न्हाई. मागल्या मंगळवारी सर गेले. लई लाज वाटती मला, आन् ती घेऊन आता कुणाकडं जाऊ?

सखू आलीय. ती काय, दाराशी बसलीय, चपला हायेत तितं. सखू, तू घड्याळ घेतलं न्हवतंस. मला म्हाईत व्हतं आन् मी बोलले न्हाई. आज सगळ्या गावासमोर सांगते.

मंडळी, आता सरांसाठी दोन मिनिटं उभं ऱ्हायचंय. पण लगेच सुरू करू नका. वाट सोडा जरा, सखूला पुढं येऊ द्या.