दिवाळीच्या सफाईत गेलेली आरती

गोहलपुरातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक वयस्कर बाई बसल्या होत्या.

"विनय, दिवाळीची सफाई करता करता मी कॉम्प्युटरपण साफ केला रे. यांच्या आवाजातली आरतीच गेली."

"कधीची आरती, काकू?"

"फॅक्टरीच्या कॉलनीतल्या गणपतीची. हे गेल्यावर तेवढाच आवाज होता घरात."

"रडू नका. दसऱ्याला मी बॅकअप घेऊन ठेवला होता."

"मग टाक न तो! काहून थांबून राहिला?"

"सरळ तुमच्या कॉम्प्युटरवरच टाकला, तर दसऱ्यानंतरचं सारं पुसल्या जाईल. नातीच्या बारशाचे फोटो नंतरचेच न?"

"अरे बापा! ते नको जाऊ देऊ."

"म्हणून तर बॅकअप वेगळ्या डिस्कवर उघडून राहिलो. आधी ऐकून पाहू, मग फक्त आरतीच तिकडे कॉपी करू."

"अच्छा. चलो, लाव."

झांजा वाजू लागल्या. मधेच एक जाड आवाज आला, "शकु, कापूर विझून राहिला. आणखी आण बरं."

"आणते जी," म्हणत बाई खुर्चीवरून उठल्या.