हात वाळेपर्यंत

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय हैबतराव तात्या, आजचे सत्कारमूर्ती युनूसभाई आणि मैमुनाभाभी, सोसायटीचे सेक्रेटरी मनीषजी, गावातली आणि सोसायटीतली वडीलधारी मंडळी, माता-भगिनींनो आणि मित्रांनो,

आज रविवार, तीस नोव्हेंबर दोन हजार पंचवीस. माझ्या कागदावर सगळ्यात वर तारीखच आहे. चौतीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात काढली. मोजणीचं टिपण लिहायचं तर आधी तारीख, मग हजर कोण, मग बाकीचं. तीच सवय राहिली आहे. सकाळी साडेपाचला उठलो. नळाला पाणी आलं, ते भरून घेतलं. वरच्या भाडेकरूंच्या जिन्यातला दिवा गेला होता, तो बदलला. माझी मुलगी दिशा, तिचा बंगळूरहून फोन आला. "बाबा, उभं राहून वाचा, बसून वाचू नका," म्हणाली. साडेदहाला इथं आलो तेव्हा टेबलं जोडून झाली होती. भिंतीवरचा दरफलक उतरवला होता आणि त्याच्यामागे भिंतीचा मूळ रंग दिसत होता. इतकी वर्षं मी तो रंग पाहिलेला नव्हता.

मागून आवाज येत नाही म्हणताय? माईक जवळ घेतो. मला इतक्या मोठ्यानं बोलायची सवय नाही. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्या पत्नीकडे होतं. आशालता. तुम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणत होता. मे महिन्यात त्या गेल्या, हे आपल्याला माहीत आहेच.

उद्यापासून 'हॉटेल सोबत' बंद होतंय. जागामालकांनी जागा इमारतीसाठी दिली. त्यात त्यांना बोल लावण्यासारखं काही नाही, मीही माझी नेऱ्याची जमीन तशीच दिली आहे. युनूसभाई आणि भाभी पौडला आपल्या घरी परत जाणार. माझ्या आधी बोललेल्यांनी त्यांच्या हाताची चव, त्यांचा स्वभाव, हिंजवडीच्या कंपन्यांतल्या मुलांना त्यांनी दिलेलं घरचं जेवण, या सगळ्याबद्दल चांगलं सांगितलं आहे. मला त्यापेक्षा वेगळं काम आहे. मला युनूसभाईंची माफी मागायची आहे. ती चारचौघांतच मागायला हवी, कारण तक्रारही मी चारचौघांत केली होती. आज राहिलं तर ते राहूनच जाईल.

युनूसभाई, हातानं खाली बसा म्हणून खुणा करू नका. मी बसणार नाही.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो. सात वर्षांपूर्वी गणपतीत गाड्या लावण्यावरून गाव आणि सोसायटी यांची जुंपली होती. मंडळाचं जेवण वेगळं, सोसायटीचं वेगळं. एकमेकांच्या मांडवासमोरून लोक मान फिरवून जात. तेव्हा युनूसभाईंनी दोन्हीकडे निरोप पाठवला की महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी माझ्याकडे एकत्र या, टेबलं जोडून देतो. तात्या आले आणि इथं दारातच उभं राहून म्हणाले, "येगळी येगळी टोळकी करून बसणार असाल तर मी चाललो. पंगत म्हंजी पंगत. शेवटच्याचं झाल्याबिगर कुनी उठायचं न्हाई." युनूसभाई म्हणाले, "मंजूर तात्या. सगळ्यांचं झालं की बडीशेप आणतो. बशी आली की उठा." तेव्हापासून हा नियम आहे. मधला करोनाचा काळ सोडला तर तो कधी मोडला नाही. हॉटेलात पंगत आणि तीही टेबलावर, असं पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत. त्या टेबलांवर किती जणांचा अबोला सुटला ते आपल्याला ठाऊक आहे.

आता माझी गोष्ट. मी भराभर जेवतो. मोजणीला गेलो की शेताच्या बांधावर दहा मिनिटांत डबा संपवायचा, ती सवय. आशालता सावकाश जेवायच्या. जेवून झाल्यावर खरकटा हात घेऊन ताटावर बसून राहणं आपल्याकडे बरं मानत नाहीत. म्हणून मी घरी, बाहेर, लग्नात, सगळीकडे त्यांना एकच म्हणायचो, "आटपा, माझा हात वाळला." तीस वर्षं म्हणत होतो. त्या हसायच्या. त्यात काही वाकडं आहे असं मला कधी वाटलं नाही.

गेल्या वर्षी गणपतीनंतर त्यांचं जेवण फारच लांबायला लागलं. सगळ्यांची ताटं रिकामी, त्यांचं अर्धं. मंडळी गमतीनं म्हणायची, "वहिनी, दुसरी पंगत बसवायची का?" त्या म्हणायच्या, "बसवा की, वाढायला मी आहेच." सगळे हसायचे. मला मात्र संकोच वाटायचा. आणि त्याच सुमाराला या हॉटेलातली बडीशेप उशिरा यायला लागली. आपल्याला आठवत असेल. युनूसभाई हात जोडून सांगायचे, "संपलीया, माणूस पाठवलाय, आत्ता येईल." दर महिन्याला बडीशेप संपायची. एवढं मोठं हॉटेल, आणि ऐन पंगतीच्या दिवशी बडीशेप नाही? हा माणूस खोटं बोलतो, असं मी घरी म्हटलं. मग आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं. ते वाक्य माझ्याकडे आहे, वाचतो. "जेवणानंतर बडीशेप मिळण्यास अकारण विलंब होत आहे. हॉटेलचालकांनी नोंद घ्यावी." बावीस जणांनी त्याला पसंतीचा अंगठा दिला होता. खाली युनूसभाईंचं उत्तर होतं. "माफी असावी दादा. पुढल्या टायमाला ध्यान देतो."

पुढल्या वेळी आणखी उशीर झाला.

नोव्हेंबरमध्ये मी गल्ल्याशी उभा होतो. आशालता बाहेर बायकांशी बोलत होत्या. युनूसभाई हळू आवाजात मला म्हणाले, "दादा, येक बोलू का? राग धरू नका. वहिनींना घास उतरत न्हाई. भादव्यापासनं बघतुया मी. भाकरी रश्श्यात कुस्करत्यात, आन् पान्याच्या घोटासंगं खाली ढकलत्यात. येकदा दाखवून घ्या."

मी काय म्हणालो ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. दिशालासुद्धा नाही. मी म्हणालो, "युनूसभाई, तुम्ही तुमचा गल्ला बघा. माझ्या घरातलं माणूस मला कळतं."

त्यांनी मला उरलेले पैसे दिले आणि "बरं दादा" म्हणाले.

जानेवारीच्या शेवटी आम्ही डॉक्टरांकडे गेलो, कारण तोपर्यंत पाणीही अडकायला लागलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून आहे. मी म्हणालो, पंधरा दिवस झाले असतील. आशालता तपासायच्या खाटेवर आडव्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "भादव्यापासून."

घरात दोन माणसं. रोज समोरासमोर बसून जेवणारी. आणि महिना बरोबर माहीत होता तो हॉटेलवाल्याला. मी जमिनी मोजल्या, दोन गुंठ्यांचा फरक माझ्या नजरेतून सुटत नसे. समोरच्या ताटात काय उरतं ते मी पाहिलं नाही. मी घड्याळ पाहत होतो.

अन्ननलिकेचा कर्करोग होता. दहा आठवडे आधी आलो असतो तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "आता त्याचा विचार करू नका." चांगले गृहस्थ होते. उत्तर त्यांनी दिलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी त्या म्हणाल्या, "मला 'सोबत'ला जायचंय." मी नको म्हणत होतो. त्यांनी भाभींना येते म्हणून फोन केला आणि स्वतः साडी काढली, पिवळी, काठाची. त्या दिवशीची पंगत आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल, कारण जेवणावरून आरडाओरडा झाला होता. रविवार असून ना मटण, ना भाकरी. सगळ्या टेबलांवर नुसता मऊ भात, आमटी, कढी आणि शेवटी खीर. तात्या, तुम्हीच ओरडला होता, "काय रं युनूस, सुतकाचं जेवान हाय का ह्ये?" आणि युनूसभाई कान धरून म्हणाले होते, "चुकलं तात्या. गॅस संपला. सिलिंडर यायलाच लागलाय." तुम्ही म्हणालात, "तुजा गॅस आन् तुजी बडीशेप, दोनीबी सासरीच गेल्यात जनू." सगळी पंगत हसली. आशालतांना हसताना ठसका लागला, मग तो थांबला, आणि त्या जेवायला लागल्या.

आमचं पंधरा मिनिटांत झालं. त्या चाळीस मिनिटं जेवत होत्या. एक-एक घास, अगदी लहान. पंगतीतलं कुणी उठलं नाही. कुणी काही बोललंही नाही, त्याबद्दल मी आपला सर्वांचा ऋणी आहे. बोललो तो मी. मला आजार माहीत होता. त्यांच्याजवळ किती दिवस आहेत, हेही साधारण माहीत होतं. तरी तीस वर्षांचं वाक्य तोंडातून गेलं. "माझा हात वाळला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वाळू द्या हो. आज चव लागतेय."

त्यांनी ताटातला शेवटचा भात संपवला, बोटांनी ताट पुसलं, आणि हात वर करून मला दाखवला. "झालं बघा." त्याच क्षणी युनूसभाई बडीशेपेची बशी घेऊन आले. कुणाला पाठवलं नाही, स्वतः आले. स्वयंपाकघराच्या दारात ते बशी हातात घेऊन उभे होते, हे मी पाहिलं होतं. किती वेळ उभे होते, याचा विचार केला नाही. तो आशालतांचा या हॉटेलातला शेवटचा दिवस.

मागच्या मंगळवारी मी इथं सामान बांधायला मदत करायला आलो होतो. मला मोकळा वेळ पुष्कळ असतो. भाभी मांडणीवरून डबे उतरवून माझ्याकडे देत होत्या. एक डबा बडीशेप, दुसरा डबा बडीशेप, तिसराही. मी गमतीनं म्हणालो, "भाभी, इतकी बडीशेप असून आम्हाला ताटकळत ठेवत होता?"

भाभी खाली उतरल्या. म्हणाल्या, "संपली कवाच नव्हती भावजी. वहिनींचा हात ताटातनं उचलल्याबिगर बशी भाईर न्यायची न्हाई, असं ह्यांनी समद्यांना सांगून ठेवलं हुतं. म्हनले, बशी गेली की मानसं उठत्यात, मग ती बाई उपाशी उठंल."

मी विचारलं, "आणि त्या दिवशी गॅस?"

"तीन सिलिंडर भरल्याले हुते," भाभी म्हणाल्या. "वहिनींना एकटीलाच मऊ वाढलं असतं तर त्यांना वंगाळ वाटलं असतं. म्हनून समद्यांनाच केलं."

तात्या, आपण डोळे पुसू नका. आपल्याला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक असायला हवं होतं.

तर मंडळी, सहा महिने या माणसानं आपल्या हॉटेलची बदनामी सोसली. माझ्या तक्रारीखाली माफी मागितली. मी गल्ला बघा म्हणालो, तेही ऐकून घेतलं, आणि तरी पुढच्या पंगतीला बशी घेऊन दारात उभे राहिले. शाल आणि श्रीफळ तात्यांच्या हस्ते दिलं गेलं, ते योग्यच झालं. माझ्याकडून मी ग्रुपवरची ती तक्रार आज, सर्वांसमक्ष, मागे घेतो. आणि गल्ल्यापाशी जे बोललो, त्याबद्दल, युनूसभाई, मला माफ करा. आपण "जाऊ द्या दादा" म्हणणार, ते मला माहीत आहे. तरी मागतो.

आयोजकांनी माझ्यासारख्या न बोलणाऱ्या माणसाला बोलायला उभं केलं, मनीषजींनी दोनदा घरी येऊन आग्रह केला, याबद्दल आभार. भाभींचे आभार, त्यांनी मला खरं सांगितलं. निरोपाच्या दिवशी आनंदाचं बोलावं, ते मला जमलं नाही. कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

शेवटची एक विनंती, तात्या, आपली परवानगी असेल तर. आता आपण जेवायला बसू. आज आपला नियम माझ्यापुरता मोडा. बडीशेप आली की आपण सगळ्यांनी उठा, युनूसभाईंना भेटा, फोटो काढा. माझं जेवण तुमच्या आधी झालेलं असेल, पण मी उठणार नाही. माझी वाट पाहू नका. मी थोडा वेळ ताटावर बसेन. हात वाळला की उठेन, तिकडे नळावर धुईन, आणि घरी जाईन.