दहा पोती कचरा

टिटवी : तो हिरवा बिल्ला नको लावूस, आत्या. बाकीचे सगळे लाव, तो राहू दे.

आत्या : हलू नकोस, टाचणी टोचेल. का नको? तुझ्या सरांच्या यादीत लिहिलंय, डाव्या खिशावर सेवेचा बिल्ला. पुढच्या शुक्रवारी विमानात बसायचंय आणि आज हे नखरे?

टिटवी : नखरे नाहीत. त्याच्याकडे बघितलं तरी मला मळमळतं.

आत्या : कापडाच्या चकतीकडे बघून मळमळतं? रविवारपासून तुझं काहीतरी बिनसलंय. दादा सांगत होता, पोरगी धड जेवत नाही, दिवसातून वीसदा हात धुते. साबणाची नवीकोरी वडी दोन दिवसांत संपवलीस म्हणे.

टिटवी : वास जात नाही. हुंगून बघ.

आत्या : मला तर साबणाचाच येतोय.

टिटवी : साबणाच्या खालून येतो. आंबूस, कुजका. नखांत बसलाय.

आत्या : अगं, नाला उपसल्यावर अत्तराचा वास येणार आहे का? चांगलं काम केलंत. सगळी गल्ली तुमचं नाव घेतेय.

टिटवी : म्हणूनच तर शी वाटते!

आत्या : हे बघ, दिवसभर कलकल करतेस म्हणून टिटवी नाव पडलं तुझं, आणि आज एकेक शब्द ओढून काढावा लागतोय. उतर स्टुलावरून. बस इथे. काय झालं रविवारी?

टिटवी : सकाळी सातला गेलो. रंगाच्या कारखान्यामागचा नाला, वरच्या वळणापासून पुलाखालच्या जाळीपर्यंत. सोळा जण होतो. चार तास उपसत होतो, आत्या. बेचाळीस पोती भरली. खरंच भरली, ते खोटं नाही. पाणी खळखळ वाहायला लागलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, गाणीबिणी म्हटली.

आत्या : मग?

टिटवी : मग फिल्म काढायला आलेल्या सरांच्या मेव्हण्यानं कॅमेरा बघितला. त्यात काही उतरलंच नव्हतं. कुठलंतरी बटण दाबायचं राहिलं होतं त्याचं. आणि परदेशातल्या त्या स्काउट मेळाव्याच्या, जांबोरीच्या समितीला सोमवारच्या आत फिल्म पाठवायची होती. जगभरातली पथकं येणार, प्रत्येकानं आपल्या सेवेची दोन मिनिटांची फिल्म दाखवायची. फिल्म नाही तर स्टेज नाही.

आत्या : मग दुसरा नाला धरायचा. आपल्याकडे काय नाल्यांचा दुष्काळ आहे?

टिटवी : मी तेच म्हटलं. सर म्हणाले, बारा वाजता बस निघणार, वेळ नाही. म्हणाले, दहा पोती सोडा.

आत्या : सोडा म्हणजे?

टिटवी : परत ओता. नाल्यात.

आत्या : शी!

टिटवी : ओतली. आणि तोच कचरा पुन्हा काढला, कॅमेऱ्याकडे बघून हसत हसत.

आत्या : पुन्हा काढलात ना पण?

टिटवी : फिल्मपुरता. दोन पोती भरली असतील. मग मेव्हणा म्हणाला, झकास! तेवढ्यात बसवाल्यानं हॉर्न दिला. उरलेला सगळा तसाच वाहत जाळीकडे गेला. मी बसच्या खिडकीतून बघत होते.

आत्या : सोळा जणांत एकाच्याही तोंडातून 'नाही' निघालं नाही?

टिटवी : कोण म्हणणार? संघनायक मी. सरांनी मला सांगितलं आणि शिट्टी मी वाजवली. पहिलं पोतंसुद्धा मीच उलटं केलं. आता सरांचा राग येतो, पण त्याहून जास्त मला माझी...

आत्या : थांब. जाळी कुठली म्हणालीस? पुलाखालची? इस्त्रीवाल्याच्या खोलीमागची?

टिटवी : हो. का गं?

आत्या : अगं बाई! रविवारी दुपारी त्याच्या खोलीत पाणी शिरलं. घोट्याएवढं काळं पाणी. बँडवाल्यांसाठी शिवलेले बावीस पांढरे शर्ट मी त्याच्याकडे इस्त्रीला दिले होते, ते खालच्या फळीवर होते. परत आले तेव्हा असा वास, की नाकाला पदर लावून मोजले मी. आणि मी त्याला नाही नाही ते बोलले. भर रस्त्यात, चारचौघांसमोर. म्हटलं, तुझी खोली घाण, तुझा हात घाण, नाल्यात तूच टाकत असशील. अकरा वर्षं माझे कपडे करतोय तो माणूस. मान खाली घालून म्हणत होता, 'ताई, सकाळी तर नाला वाहत होता, मी कानांनी ऐकला.' मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा!

टिटवी : आत्या, मला माहीत नव्हतं.

आत्या : गप बस जरा. मला आधी माझी किळस येऊ दे, तुझी नंतर करते.

सर : येऊ का आत, ताई? झाला का आमच्या संघनायिकेचा गणवेश? वा, काय बसलाय! आणि बेटा, तोंड का असं? आनंदाची बातमी आणलीय. समितीला फिल्म पसंत पडली. तीन हजार मुलांसमोर तू बोलायचंस. हे घे भाषण, मी स्वतः लिहिलंय. शुक्रवारपर्यंत तोंडपाठ हवं.

टिटवी : 'आज आमच्या नाल्यातून निर्मळ पाणी वाहते, आणि काठावरची कुटुंबे सुखाने...' सर, हे कुणी पाहिलं?

सर : भाषणाची भाषा अशीच असते, बेटा.

आत्या : सर, नाल्याचं पाणी सध्या इस्त्रीवाल्याच्या खोलीतून वाहतं. तेवढं घाला त्यात.

सर : असं आहे का... पोरीनं सांगितलं वाटतं. ताई, तुम्ही समजूतदार आहात. बेचाळीस पोती काढली, हे खरं की नाही? मग चित्र थोडं नंतरचं असलं तर बिघडलं कुठे? फोटोवालासुद्धा म्हणतोच की, पुन्हा एकदा हसा.

आत्या : पुन्हा हसायला सांगतो, दुसऱ्याच्या दारात उकिरडा करायला नाही सांगत.

टिटवी : मी हे बोलणार नाही, सर.

सर : बरं, ताण आला असेल. उपनायक बोलेल. तू नुसती चल.

टिटवी : फिल्म परत घ्या. जे झालं ते समितीला कळवा.

सर : आणि त्यांनी अख्खं पथकच रद्द केलं तर? तिकडे जाणारी आठ मुलं वर्षभर तयारी करतायत. त्यांना तोंड दाखवशील? तुझ्या बाबांनी सगळ्या कारखान्याला सांगून ठेवलंय, त्यांचं काय?

टिटवी : मी विचारलं सगळ्यांना. म्हणाले, फार नाकानं कांदे सोलू नकोस.

सर : बघ! म्हणजे तुला एकटीलाच खुपतंय. मग असं कर, तू येऊ नकोस. पोटाचा विकार म्हणून लिहून दे. डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत, दाखला मिळेल.

आत्या : एक खोटं झाकायला दुसरं, दुसऱ्याला दाखला! तुम्ही मुलांना दोरीच्या गाठी शिकवता ना हो, सर?

टिटवी : माझं पोट दुखत नाही. मला किळस येते. डॉक्टर लिहीत असतील तर तसं लिहू देत.

सर : ताई, हिला समजवा. वय अडनिडं आहे, पुढे पस्तावेल.

आत्या : ऐक गं. ते खोटं नाही बोलत, पस्तावशीलही. हा गणवेश अंगातून काढलास तर परत मागता येणार नाही. आणि दादाला तूच सांगायचं, मी मध्ये पडणार नाही. नीट विचार कर.

टिटवी : केला. हा घ्या स्कार्फ, सर. शर्ट आत जाऊन काढून देते. आणि संध्याकाळपर्यंत तुम्ही समितीला कळवलंत तर मी काही लिहिणार नाही. नाहीतर मी लिहीन.

सर : धमकी देतेस मला?

टिटवी : नाही. तुमच्या पाठीमागे करायचं नाही, म्हणून आधी सांगतेय.

(दोन दिवसांनी सकाळी. इस्त्रीवाल्याची खोली.)

इस्त्रीवाला : जपून, फरशी निसरडी आहे. काय ताई, त्या दिवशी काही बोलायचं राहिलं होतं का?

आत्या : चुकलं माझं, भाऊ. कचरा तुमचा नव्हता. चारचौघांत बोलले, चारचौघांतच शब्द परत घेईन.

इस्त्रीवाला : माझा नव्हता हे मला ठाऊक आहे. कुणाचा होता ते सांगा.

टिटवी : आमचा. नाला साफ केला, आणि फिल्मसाठी दहा पोती परत आत ओतली. शिट्टी मी वाजवली होती.

इस्त्रीवाला : म्हणजे सकाळी गाणी म्हणत होता ती तुम्ही पोरं?

टिटवी : हो.

इस्त्रीवाला : मी तुमच्यासाठी चहा टाकला होता. मोठं पातेलं मागून आणलं शेजारून. म्हटलं, कुणाची कोण लेकरं, आपली घाण काढतायत. बाहेर येऊन बघतो तर बस गेलेली.

टिटवी : काका, मला माफ...

इस्त्रीवाला : थांब. ते इतक्यात नको. मला वाटलं वरच्या आळीतल्या पोरांनी टाकलं. एकाच्या कानाखाली वाजवली मी. रडत गेला तो घरी. आता मला त्याच्या दारात जायचंय, तुझं ऐकत कुठे बसू?

आत्या : हिनं समितीला सगळं लिहून कळवलं, भाऊ. त्यांनी फिल्म काढून टाकली. बाकीची मुलं जातील, सरांनी फक्त हिचं नाव खोडलं. घरी दादा बोलत नाही हिच्याशी.

इस्त्रीवाला : त्यानं माझी भिंत वाळणार आहे का?

टिटवी : नाही वाळणार. मी ते सांगायला आलेच नव्हते. रिकामी पोती आणलीत, जाळी मोकळी करायची आहे.

इस्त्रीवाला : एकटीनं?

टिटवी : एक जण येते म्हणालीय, आईनं सोडलं तर.

आत्या : आणि मी आहे. दुकान बंद ठेवलंय आज.

इस्त्रीवाला : जाळीत घूस अडकलीय एक. फुगलीय. बघवणार नाही तुम्हाला.

टिटवी : बघेन मी.

इस्त्रीवाला : त्या कोपऱ्यात लोखंडी आकडा आहे, तो घे. लांबून ओढ, हात घालू नकोस.

टिटवी : बरं.

इस्त्रीवाला : आणि जाताना दार ओढून घे. वास आत येतो.