बोदवडचं हिरवं लुगडं

कॉम्प्युटरचं कौतुक मला सांगू नका, जळगावच्या आमच्या पेन्शन विभागात नाना कारकून होते. प्रत्येक तालुक्याच्या फायली ते बायकोच्या जुन्या लुगड्यात बांधायचे. चाळीसगाव लाल, बोदवड हिरवं. हात घातला की फाईल हजर!

नवे साहेब आले नि भडकले, "हे ऑफिस आहे की बोहारणीची पाटी?" सगळे गठ्ठे पांढऱ्या कापडात बांधून घेतले आणि लुगडी नानांच्या घरी धाडली.

महिन्याभरात बोदवडहून एका मास्तरांची विधवा आली. पेन्शन अडलेली. अख्खं ऑफिस दुपारपर्यंत पांढरे गठ्ठे सोडत बसलं. शेवटी साहेब म्हणाले, "नाना, ती लुगडी परत आणा."

"कुठून आणू साहेब? बायकोनं गोधडी शिवली. आता मी चाळीसगावपासून बोदवडपर्यंत बठ्ठा जिल्हा पांघरून झोपतो."