टेबलामागची खुर्ची

नितेश : भूमे! ए भूमे, थांब ना! अख्खा रोहा स्टँड पालथा घातला तुझ्यासाठी. खेळ संपायच्या आधीच पळालीस? तिकडं हॉलमध्ये तुझंच नाव चाललंय!

भूमिका : माझी पेणची गाडी चुकेल.

नितेश : चुकू दे! अगं, काय ॲक्टिंग केलीस यार! गरिबी समजून घ्यायची म्हणून आपण एवढा सिम्युलेशनचा खेळ उभा केला, रेशनचं टेबल, दवाखान्याचं टेबल, आणि पोरं नुसती फिदीफिदी हसतायत. मग तू आलीस. मी क्लार्क होऊन खेकसलो, 'साहेब नाय, उद्या ये!' तर तू चपला दाराबाहेर काढलेल्या, भिंतीला चिकटून उभी. हलेचना! काय टाळ्या पडल्या! सर म्हणाले, शनिवारी पेणच्या कॉलेजात हा रोल हिलाच. पालकांनापण बोलवायचंय!

भूमिका : मी नाय येणार शनिवारी.

नितेश : का पण? आणि ते चपलांचं सुचलं कसं तुला? आपलं तर असं काय ठरलंच नव्हतं.

भूमिका : सुचलं नाय, नित्या. आपोआप काढल्या.

नितेश : म्हणजे?

भूमिका : पाऊस लागला की मिठागर बंद, आईची मजुरी बंद. मग ती रेशनसाठी सरकारी ऑफिसात खेपा घालायची, मी तिचा पदर धरून. चपला बाहेर, नि भिंतीला उभं राहायचं. तिथलेपण तुझ्यासारखेच खेकसायचे. तू अगदी बरोब्बर केलंस हां.

नितेश : असं नको ना गो बोलू.

भूमिका : टाळ्या पडल्या नि मी तशीच निघाले बघ. शनिवारी आई समोर बसणार, नि मी तिचंच सोंग करू? तिला वाटंल, पोरगी शिकली ती हे चार लोकांत दाखवायला.



नितेश : तुझी गाडी लागली बघ.

भूमिका : जाऊ दे. दुसरी येईल.

नितेश : मी सांगतो सरांना. तो रोल नकोच. पण तू ये. आईलापण आण.

भूमिका : काय बघायला?

नितेश : बघायला नाय, खेळायला! ऐक ना, ऐक! क्लार्कच्या खुर्चीत आई बसंल. टेबलामागं, पंख्याखाली! नि अर्ज घेऊन मी येतो.

भूमिका : येडा हायस तू. तिला नाय जमायचं.

नितेश : खुर्चीत बसायला काय जमायचंय त्यात?

भूमिका : बसंल रे, चांगली ऐटीत बसंल. ठेवणीतली साडी नेसून येईल. पण 'उद्या ये' म्हणायला लागंल ना? ते तिच्या तोंडातनं निघायचं नाय. तुझा चेहरा बघून आधी हेच विचारील, जेवलास का रे बाला?

नितेश : मग मी काय सांगू?

भूमिका : नाय जेवलो म्हण. पिशवीतली भाकरी तुला देईल, तिला बरं वाटंल.