झाडाले लागणारी नळी

हसू नका, पण आमच्या घरी आजकाल मटनातली नळी झाडाले लागते.

लाखनीच्या डॉक्टरनं माझं मटन महिन्यातून एकदाच ठेवलं. त्याच्या नंतरच्या पहिल्याच रविवारी मी दुपारी निंबाखाली खाटेवर पडलो होतो. घरातून भाजल्या खोबऱ्याचा, खसखशीचा वास आला आन् मी अर्ध्या झोपीतच मामाच्या गावी मंडईच्या जत्रेले पोहोचलो. मामी रस्सा वाढून राहिली होती, मामा सांगून राहिला होता, "भाच्याले नळी दे."

"अजी, उठा, जेवाले चला," बायको म्हणाली.

ताटात लाल तर्रीचा रस्सा होता आन् त्यात बेसनाच्या पाटवड्या. मी अजून जत्रेतच होतो. दोन घास भात खाल्ला, कपाळाले घाम आला आन् तोंडून निघून गेलं, "नळी कोठी हाय?"

तिनं रस्स्याच्या गंजात पळी फिरवली आन् शेवग्याची एक जाड शेंग माझ्या ताटात ठेवली. मी डोळे मिटून चोखली. मंग दुसरी मागितली, मंग तिसरी. ताटाच्या कडेले चोथ्याचा ढीग झाला.

जेवण झाल्यावर तो ढीग मी सवयीनं आमच्या मोत्या कुत्र्यापुढं टाकला. त्यानं हुंगला, एक चोथा तोंडात धरला, निंबामागं गेला आन् हाडूक पुरतो तसा मातीत पुरून आला.

बायको पदर तोंडाले लावून म्हणाली, "पाहा, तुमच्यासारखाच फसला."

मी म्हटलं, "हळू बोल. त्याले सांगू नको."